सावली सरेपर्यंत

चाकू तेलात फुटतो तेव्हा आवाज फार लहान येतो. नख मोडावं तसा, टिक. बाहेरून एखादी सायकल जात असेल तर ऐकूही येत नाही. पण ज्याने तो चाकू सकाळपासून ठोकलेला असतो, त्याच्या दातांत तो आवाज जाऊन बसतो.

त्या दिवशी तो आवाज आला आणि मी सांडशी तशीच तेलात धरून उभा राहिलो. वर काढून बघायची हिंमत होईना. सूनबाईने भाता थांबवला.

"गेला का, मामंजी?"

मी चाकू वर काढला. धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी रेघ गेली होती. ऐरणीच्या कडेवर हलकेच आपटला तर दोन तुकडे झाले. मोडलेल्या जागी दाणे चमकत होते, जाड्या मिठासारखे. पोलाद जास्त तापलं की असे दाणे पडतात. आदल्या संध्याकाळी म्हणूनच मी जपून, कमी तापवून एक विझवला होता. तो फुटला नाही. पण सकाळी अंगठ्याने दाबून बघितला तर वाकला आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकलेलाच राहिला. दुपारी फुटतोय, संध्याकाळी वाकतोय. तेच पोलाद, तेच तेल, तोच हात.

"भाता एकसारखा चालव," मी म्हणालो. "मध्येच जोर, मध्येच ढिलाई. जाळ नाचतोय."

"एकसारखाच चालवते आहे."

"मग हे काय आपोआप झालं?"

तिने मनगटाने कपाळ पुसलं, तिथे काजळीचा पट्टा उमटला, आणि तिने पुन्हा भात्याच्या दांड्याला हात घातला. तो दांडा मधोमध झिजून गुळगुळीत झालेला आहे. ती झीज माझ्या बायकोच्या तळव्याची. त्याआधी माझ्या आईच्या. सूनबाईचा हात त्या झिजेत नीट बसत नव्हता, तिची बोटं लांब आहेत.

बायको जाऊन तेव्हा एक हिवाळा सरला होता. खोकल्याने गेली. माझा मुलगा लांबच्या गाड्यांवर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो. तेव्हा घरात मी आणि सून. बायको गेल्यावर बरेच दिवस मी भट्टी पेटवलीच नाही. त्या दिवसांत सूनबाईने सगळी शेड साफ केली. कोळशाची भुकटी उपसली, भिंती झाडल्या, कानशी आकाराप्रमाणे लावल्या. आणि भट्टीसमोरची खिडकी मोकळी केली. त्या खिडकीवर एक जाड पोतं ठोकलेलं होतं, काजळीने कातड्यासारखं झालेलं. ते कुणी ठोकलं, मला ठाऊक नाही. मी लहान असतानाही तिथे पोतं होतंच. सूनबाईने ते ओढून काढलं आणि परसात जाळून टाकलं.

"धूर बाहेर जाऊ दे," ती म्हणाली होती. "आत्याबाईंनी गिळला तेवढा पुरे झाला."

त्यात चुकीचं काही नव्हतं. शेडमध्ये वारा आला, उजेड आला. मलाही बरं वाटलं.

चाकूचं काम दोघांचं असतं. पाटा तापवणं, घण मारून पसरवणं, आकार देणं, हे मी एकटा करतो. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा असतो, तो लवकर ऐकत नाही. दिवस मोडतो. पण शेवटी पोलादाला पाणी द्यायची वेळ येते, म्हणजे लाल झालेला चाकू तेलात विझवायचा, तेव्हा दोघं लागतात. आमच्यात बायको भट्टीकडे बघायची आणि मी तेलाकडे. सांडशी माझ्या हातात, पण नजर तेलावर. तिने 'आता' म्हटलं की काढायचा आणि सरळ उभा तेलात सोडायचा. मध्ये वळून बघायला गेलं तर तेवढ्यात पातळ धार थंड होते. म्हणून मी बघायचं नाही, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, कुणास ठाऊक. माझे आईबापही असेच उभे राहायचे.

आणि ती फार थांबवायची. "थांबा." मी थांबायचो. "थांबा अजून." माझे हात भाजायचे. "अगं, लाल झाला ना?" "लाल झालाय. थांबा." एकदा मी विचारलं होतं, बघतेस तरी काय एवढं? ती म्हणाली, "आत काहीतरी चालत असतं. ते चालून झालं की सांगते." मी हसलो होतो. चाकूच्या आत काय चालणार?

आणखी एक. काम सुरू करायच्या आधी ती मला तांब्याभर पाणी द्यायची. मी अंगणातून शेडमध्ये शिरलो की तांब्या पुढे. तहान नसली तरी. "आधी पाणी प्या." मी म्हणायचो, मी काय बैल आहे? "प्या. सावकाश प्या." आणि मी उभ्या उभ्या सगळा तांब्या रिकामा करायचो, कारण त्याशिवाय ती भात्याला हात लावायची नाही.

आता सूनबाई भात्यावर आणि भट्टीकडेही मीच बघत होतो, तेलाकडेही मीच.

फुटलेल्या चाकूंचा ढीग दारामागे वाढत गेला. आणि दिवस तर वेताच्या कापणीचे. नदीकाठच्या दलदलीत वेताचं पान पिवळं पडलं की तो कापायचा आणि ओला असतानाच चिरायचा. उशीर झाला की तो आतून ठिसूळ होतो, वाकवला की तडकतो. पलीकडची टोपल्या विणणाऱ्यांची सगळी गल्ली त्या थोड्या दिवसांवर वर्ष काढते. त्यांचे चाकू आमच्याच भट्टीतून जातात. पातळ पण कडक, वाकला तर परत सरळ होणारा. तसा एकही चाकू माझ्या हातून होत नव्हता.

मी चहाच्या टपरीवर बोलून गेलो, ऐरण विकून टाकतो. गावात बोललेलं भंगारवाल्याच्या कानावर आधी जातं. दुसऱ्या दिवशी तो हातगाडी घेऊन दारात हजर. काडीसारखा माणूस, पण मिशा दोन माणसांच्या.

"काका, ऐरण देताय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. टपरीवर. मला चहावाल्याने सांगितलं, त्याला तुम्ही सांगितलं."

तो आत आला. ऐरणीभोवती फिरला, बाजारात म्हैस बघतात तसा. मग खाली वाकून दोन्ही हातांनी तिला कव घातली आणि जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. ऐरण हललीसुद्धा नाही. ती माझ्या आज्याने पुरलेल्या खोडावर बसवलेली आहे.

"तुमच्यासारखीच आहे, काका," तो धापा टाकत म्हणाला. "बसली की उठत नाही."

"मग सोड."

"सोडतो कशाला? बाजाराच्या दिवशी चार गडी घेऊन येतो. आणू ना?"

मी भट्टीकडे बघितलं. राख झाली होती.

"आण," मी म्हणालो.

तो गेल्यावर सूनबाई दारात येऊन उभी राहिली. "ऐरण गेल्यावर तुम्ही काय करणार?"

"मुलाच्या गाडीवर क्लीनर होईन."

"तुम्हाला गाडी लागते," ती म्हणाली. "परवा तालुक्याला जाऊन आलात तर दोन दिवस झोपून होतात." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या भात्यामुळे होत असेल तर दुसरं कुणी बघा. पण ऐरण नका देऊ. आत्याबाई रोज झाकून ठेवायच्या तिला, लेकरासारखी."

तुझा भाता चांगला आहे, एवढं म्हणता आलं असतं. तेवढंही तोंडातून निघालं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी शेवटचा म्हणून एक पाटा घेतला. सावकाश ठोकला. आता काही घाई नव्हती. जो माणूस निघणारच आहे त्याला कसली घाई? पाठ जाड, धार पातळ, टोक वेत चिरायला जरा आत वळवलेलं. कानशीने साफ केला. ऊन वर आलं तेव्हा चाकू भट्टीत ठेवला आणि सूनबाई भात्यावर बसली. खिडकीतून उन्हाचा चौकोन सरळ भट्टीच्या तोंडावर पडला होता.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"लोहारदादा! आहात का पळालात?"

टोपलीवाली आक्का. सगळ्या गल्लीत हिच्या शब्दाबाहेर टोपली विणली जात नाही. बाजाराला निघाली होती, डोक्यावर वेताच्या तट्ट्याची, जाड चटईची, गुंडाळी, पुरुषभर उंच. तिने ती गुंडाळी उतरवली, बाहेरून भिंतीला टेकवली. टेकवताना ती उलगडली आणि तट्टा खिडकीवर आडवा झाला. शेडमध्ये एकदम काळोख झाला.

"आक्का, ते जरा—"

"जरा बिरा काही नाही. आधी ऐका." ती दारातून आत आली, दारही तिच्याने भरलं. हातातला चाकू तिने माझ्या नाकासमोर धरला. टोक गोगलगाईसारखं वळलं होतं. "हा चाकू आहे की चमचा? माझी धाकटी जाऊ वेत चिरायला बसली. वेत होता तसाच, चाकूच चिरला गेला. मग तुमचा दुसरा घेतला, तो मोडला. तुकडा उडाला तो हिच्या इथून," तिने स्वतःच्या गालावरून, डोळ्याच्या अगदी खालून बोट फिरवलं, "इथून गेला. नवस न करता डोळा वाचला."

माझी मान खाली गेली. काळोखात एक बरं होतं, तोंड दिसत नव्हतं.

"वहिनी होत्या तेव्हा असं कधी झालं नाही," ती म्हणाली.

"नाही झालं."

"मग आता काय झालं?"

"भाता जरा..." मी म्हणालो आणि जीभ चावली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" आक्का कडाडली. "ती पोर तोंडातून शब्द काढत नाही म्हणून तिच्या डोक्यावर खापर? तिचे हात बघितलेत? फोड बघितलेत?" आणि मग तिने सुरुवात केली. वेत कसा पिवळा पडलाय, बाजारचे पत्र्याचे चाकू कसे, पुरुषांची जात कशी, तिचा नवरा कसा, त्यातल्या त्यात लोहार कसे. मी ऐकत राहिलो. मध्ये बोलायला जागाच नव्हती. सूनबाई भाता हळूहळू चालवत होती, जाळ मरू नये एवढाच. चाकू भट्टीत होता. बाहेर काढावा असंही मनात आलं नाही. जायचाच आहे, जाऊ दे.

आक्का बोलत राहिली आणि मला एकेक गोष्ट दिसायला लागली. आधी ऐरणीची कड. मग भिंतीवरच्या कानशी. मग सूनबाईच्या बोटांवरच्या चिंध्या. खरंच चिंध्या बांधल्या होत्या तिने.

"मामंजी," सूनबाई हळूच म्हणाली. "हे बघा. आत काहीतरी हलतंय."

मी भट्टीत बघितलं.

निखाऱ्यात चाकू लाल झाला होता. पण तो लाल मी ओळखत होतो तो नव्हता. मी आयुष्यभर लोखंड लाल केलं, असा लाल बघितला नव्हता. खोल होता, विहिरीच्या पाण्यासारखा तळापर्यंत दिसत होता. आणि त्याच्या आत एक सावली होती. काळपट, धुरासारखी. शेतावरून ढगाची सावली सरकते तशी ती धारेकडून पाठीकडे सरकत होती. सावकाश. तिला कुणाची घाई नव्हती. तिच्या मागे पोलाद स्वच्छ होत जात होतं, एकसारखं, कुठे डाग नाही. पाठीच्या जाड भागाशी येऊन ती थबकली. मला वाटलं, आता तिथेच अडणार. आक्काचं बोलणं कधीतरी थांबलं होतं, ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"अगंबाई," ती पुटपुटली. "जिवंत आहे की काय?"

सावली पातळ झाली. दोऱ्याएवढी उरली. मग सरली.

"गेली," सूनबाई म्हणाली.

मी काढला आणि तेलात सोडला. तेल उसळलं, धूर आला. मी कान लावून उभा राहिलो. टिक आला नाही. तेल शांत झालं तरी आला नाही.

वर काढला तर चाकू सरळ होता. कानस लावली तर काचेवरून घसरावी तशी घसरली. मी ऐरणीला टेकलो. मग तो चाकू शिकंज्यात धरला आणि हातोडा उचलला.

"अहो, काय करताय?" आक्काने माझा हात धरला. "आत्ता कुठे एक चांगला झाला!"

"आत बघायचंय."

"चांगला झाला म्हणून मोडायचा? दुःखाने डोकं फिरलंय का हो तुमचं?"

"मोडल्याशिवाय कळणार नाही, आक्का."

मी तो मोडला. मोडलेली जागा दाराच्या उजेडात नेऊन बघितली. दाणा नव्हताच. राखाडी, मऊ, चाळलेल्या राखेसारखी. बोट फिरवलं तर मखमल. असं पोलाद माझ्या बापाने मला एकदाच दाखवलं होतं, आपल्या आईबापाच्या हातचं म्हणून. माझ्या घरात ते रोज होत होतं आणि मला माहीत नव्हतं. आम्ही चांगले चाकू कधी मोडून बघितलेच नाहीत.

मी बाहेर जाऊन तट्टा बाजूला केला. दुसरा एक, आदल्या दिवशीचा वाकलेला चाकू सरळ करून भट्टीत ठेवला. ऊन आत आलं आणि भट्टीत काही दिसेना. नुसता फिकट तांबूसपणा. एवढ्या उन्हात जो लाल दिसतो तो खरा केव्हाचा पुढे गेलेला असतो. आणि संध्याकाळी ऊन उतरलं की तोच लाल दिसायला निम्मी आच पुरते. म्हणून दुपारी फुटत होता, संध्याकाळी वाकत होता. भात्याचा काही संबंध नव्हता. अंगण खरंच वाकडं झालं होतं.

तट्टा परत लावून मी आत शिरलो. पण आता तर काहीच दिसेना. डोळ्यांत बाहेरचं ऊन भरलेलं होतं, भट्टीत नुसता एक लाल ठिपका. मी सांडशी हातात घेऊन तसाच उभा राहिलो, चाचपडत. उजेडातून आलेल्या डोळ्याला काळोख लगेच मिळत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो. साधारण एक तांब्या पाणी सावकाश पिऊन व्हावं एवढा.

मी खाली बसलो. सांडशी हातातच होती.

"मामंजी?" सूनबाई घाबरली. "छातीत दुखतंय का?"

"ती तुला पाण्याचं काही बोलली होती?" मी विचारलं.

"कुठल्या पाण्याचं?"

"मला द्यायची ते. काम सुरू करायच्या आधी."

सूनबाईने आठवून बघितलं. "एकदा मी म्हटलं होतं, ते नको म्हणतात तरी कशाला देता. तर म्हणाल्या, यांना फार घाई. पाणी पितात तेवढाच वेळ गप्प उभे राहतात. आणि मग स्वतःही डोळे मिटून बसायच्या, पाणी होईपर्यंत. मला वाटायचं, दमल्यात."

तिने हे माझ्या आईकडून घेतलं असणार, आईने आणखी कुणाकडून. भट्टीच्या त्या बाजूला बायका बसत आल्या आणि त्या सावली सरेपर्यंत बघत आल्या, आणि या बाजूला आम्ही तेलाकडे तोंड करून उभे. नाव आमचं, लोहार. एवढी वर्षं ती रोज ते बघत होती. मी हाताच्या अंतरावर उभा होतो.

शेवटी आक्काने नाक ओढलं. "मग आता काय, परत पोतं ठोकणार?"

"ठोकायला हवं," मी म्हणालो.

"नाही," सूनबाई म्हणाली. भात्याचा दांडा तिने सोडून दिला. तिचा आवाज मी कधी एवढा मोठा ऐकला नव्हता. "पोतं ठोकलंत तर मी इथे बसणार नाही. त्या कशाने गेल्या? मी रात्रंदिवस पाठ चोळत होते त्यांची. चाकू चांगले झाले, बाई गेली. तसले चाकू मला नकोत."

तिचं खरं होतं. मी खिडकीकडे बघितलं. तट्टा बाहेरून तिरका टेकलेला होता, वरून भिंतीला लागलेला, खालून हातभर लांब. ऊन त्यावर अडत होतं. आणि धूर, मघापासून, खालच्या त्या फटीतून नीट रांगेत बाहेर चालला होता.

सूनबाईनेही तिकडेच बघितलं.

"आक्का," ती म्हणाली, "हा तट्टा कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा. का?" मग तिच्या लक्षात आलं. "अगं ए, तो माणूस माझ्या नावाने बोंब मारेल!"

"त्याला दुसरा विणून द्या. पहिल्या चाकूने."

आक्काने माझ्याकडे बघितलं. "तोंडातून शब्द काढत नाही म्हणत होते ना मी? शब्द परत घेते," असं म्हणून ती रिकाम्या हाताने बाजाराला निघाली.

दुपार कलल्यावर भंगारवाला चार गडी घेऊन आला. गड्यांनी बाह्या सरसावल्या होत्या.

"काका, आलो."

"आलास ते बरं केलंस. दारामागचा ढीग उचल."

त्याने फुटक्या चाकूंचा ढीग बघितला, मग ऐरण बघितली. "आणि ही?"

"तूच म्हणालास ना, बसली की उठत नाही."

"चार माणसं आणली हो मी!"

"चौघांनी मिळून ढीग उचला. लवकर होईल."

तो मिशांतल्या मिशांत काहीतरी बोलला. ते चांगलं नव्हतं, पण त्याने ढीग नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खिडकीबाहेर दोन बांबू रोवून तट्टा पक्का केला. वाकलेले चाकू मी आदल्या संध्याकाळीच ठोकून सरळ केले होते. गल्लीतल्या बायका वेत कापून बसल्या होत्या, ओला वेत चिरायची वाट बघत. आक्काने दोन वेळा निरोप पाठवला होता. मी घाई केली नाही. भट्टी पेटवली, तेल कोमट केलं, कुठला चाकू आधी आणि कुठला नंतर ते लावून ठेवलं. मग स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला. सूनबाई अंगणातून आत आली, डोळे किलकिले करत, भिंत चाचपत.

मी तांब्या पुढे केला.

"आधी पाणी पी."

"मला तहान नाही, मामंजी."

"मलाही कधी नसायची."

तिने तांब्या घेतला. सावकाश प्यायली. मी गप्प उभा राहिलो. हळूहळू ऐरण दिसायला लागली, मग कानशी, मग भात्याचा झिजलेला दांडा, मग तिचा त्याच्यावर ठेवलेला हात. तिने तांब्या खाली ठेवला आणि भट्टीकडे तोंड केलं.

मला ती सावली पुन्हा बघायची होती. फार बघायची होती. पण भट्टीकडे बघणाऱ्याची ती जागा होती आणि माझी तेलाकडे. मी सांडशी धरली आणि तेलाकडे बघत उभा राहिलो. तेल काळं होतं, स्थिर. भाता चालला होता, एकसारखा. हाताला आच लागायला लागली.

"झाला का?" मी विचारलं.

"लाल झालाय," ती म्हणाली. "थांबा."

मी थांबलो.